इंजिन विकत घेतलंय, मग आकडे छापायला परवानगी कशाला?

पैसे देऊन घेतलेलं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, आपल्या संगणकावर खेळवायचं आणि स्कोअर लोकांसमोर मांडायचा, यासाठी विकणाऱ्याची परवानगी लागता कामा नये. मालाचं रेटिंगही त्यानेच ठरवायचं म्हटलं, तर घेणाऱ्याला 'आधीच्या आवृत्तीपेक्षा इतके एलो (खेळाची ताकद मोजणारे रेटिंग गुण) जास्त' या जाहिरातीपलीकडे काही कळणारच नाही. स्वीडनच्या एसएसडीएफ या बुद्धिबळ-संगणक संघटनेची रेटिंग यादी 1984 पासून म्हणूनच मोलाची ठरली. आज सीसीआरएल आणि सीईजीटी या चाचणी गटांचे स्वयंसेवक तेच काम करतात.

तरीही परवाना करार आधी वाचा. त्यात 'बेंचमार्क' हा शब्द शोधा. लेखी पूर्वपरवानगीशिवाय चाचणीचे आकडे कुणाला सांगू नयेत, अशा धाटणीचं कलम डेटाबेसच्या धंद्यातून आलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड डेविट यांच्या चाचणीत ओरॅकल कंपनीचा डेटाबेस मागे पडला, आणि पुढे अशा अटीला डेविट यांचंच नाव चिकटलं. न्यूयॉर्कमध्ये अशी एक अट कोर्टात गेली. नेटवर्क वर्ल्ड मासिकाने 1999 मध्ये फायरवॉलची (नेटवर्कचं रक्षण करणाऱ्या प्रोग्रामची) तुलना छापली, त्यात नेटवर्क असोसिएट्सच्या गॉन्टलेटला कमी गुण मिळाले, आणि कंपनीने असं कलम दाखवून परीक्षण मागे घ्यायला सांगितलं. राज्याच्या अॅटर्नी जनरलने खटला भरला; 2003 मध्ये कोर्टाने ती भाषा दिशाभूल करणारी ठरवून तिच्या वापराला मनाई केली. मात्र निकालाचा पाया 'फसवी भाषा' हा होता, त्यामुळे असं प्रत्येक कलम आपोआप रद्द होतं असं समजू नका.

युरोपची स्थिती जास्त भक्कम आहे. युरोपीय संघाच्या 2009/24 क्रमांकाच्या निर्देशातलं कलम 5(3) परवानाधारकाला प्रोग्राम कसा चालतो ते पाहण्याचा, अभ्यासण्याचा, तपासण्याचा हक्क देतं आणि कलम 8 त्याविरुद्धची करारातली अट रद्दबातल ठरवतं. आपल्या कॉपीराइट कायद्यातही, 1957 च्या कलम 52(1)(एसी) मध्ये, निरीक्षण आणि चाचणीची मुभा आहे. पण विरुद्ध करार रद्द ठरवणारं तसं वाक्य नाही. म्हणून भारतात 'मान्य' दाबण्याआधी वाचणं महत्त्वाचं.

चाचणी घेणं आणि ती छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापण्याचा खरा आधार असा, की डावाचा निकाल ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाची मालकी नसते. 2016 मध्ये जागतिक अजिंक्यपद सामन्याच्या चाली इतरांनी दाखवू नयेत म्हणून आयोजक न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेले, तेव्हा मनाई हुकूम मिळाला नाही. तेव्हा सगळे डाव पीजीएनमध्ये (चाली नोंदवायच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) बिनधास्त द्या. इंजिनाची फाइल, न्यूरल नेटवर्क किंवा सोबत आलेलं ओपनिंग बुक (सुरुवातीच्या चालींचा संग्रह) मात्र देऊ नका. तिथे कॉपीराइट नक्की आड येतो. बीटा आवृत्तीसाठी गोपनीयतेचा करार केला असेल तर तो पाळावाच लागतो. छापायचं असेल तर बाजारातली प्रत स्वतः विकत घ्या.

बहुतेक वाद कायद्यावरून होत नाहीत, 'तुम्ही चुकीचं तपासलं' यावरून होतात. म्हणून अटी आधीच लिहून ठेवा: आवृत्ती, प्रोसेसर, थ्रेड (एकाच वेळी चालणारे गणनेचे धागे), हॅश (इंजिनाला दिलेली मेमरी), वेळ. साधी सुरुवात म्हणजे क्यूटचेस या इंजिनांचे सामने लावणाऱ्या प्रोग्राममध्ये 15 मिनिटांत 40 चाली, दोघांना एकच थ्रेड, 256 एमबी हॅश, पाँडर (प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं) आणि बुक लर्निंग (आधीच्या डावांवरून ओपनिंग बुक बदलणं) बंद. इंजिनांची स्वतःची बुकं काढून टाका आणि एकच ओपनिंग संच वापरा. प्रत्येक ओपनिंग पांढरी-काळी मोहरी बदलून दोनदा खेळवा. एकाच वेळी चालणारे डाव प्रोसेसरच्या प्रत्यक्ष कोअरपेक्षा जास्त नकोत, नाहीतर इंजिनं एकमेकांचा वेळ खातात आणि पीजीएनच्या 'टर्मिनेशन' टॅगमध्ये 'टाइम फॉरफीट', म्हणजे वेळ संपून हार, दिसू लागतं. असे डाव मोजण्याआधी वेगळे काढा आणि किती काढले ते सांगा. एव्हीएक्स2 (एका वेळी अनेक आकडेमोडी करणाऱ्या सूचना) नसलेल्या जुन्या प्रोसेसरवर न्यूरल नेटवर्कवाली इंजिनं बरीच मंदावतात, सगळी सारखी नाही; तेही नोंदवा.

आणि आकड्यात किती चूक असू शकते ती मर्यादा छापल्याशिवाय आकडा छापू नका. दोन इंजिनं तुल्यबळ असतील आणि निम्मे डाव बरोबरीत सुटत असतील, तर 100 डावांनंतर 95 टक्के खात्रीची मर्यादा अधिक-उणे 48 एलो येते, 1000 डावांनंतर सुमारे 15, आणि 10,000 नंतर 5 च्या आसपास. शंभर डावांवरून 'नवी आवृत्ती 20 एलोने कमकुवत' असं लिहिलंत, तर कंपनीने घेतलेली हरकत योग्यच ठरेल.

कंपनीची नोटीस आलीच तर घाईने यादी मागे घेऊ नका. कोणता डाव, कोणती अट, कोणता आकडा चूक आहे ते लेखी विचारा. चूक खरी निघाली तर ते डाव पुन्हा खेळवा, जुना आकडा तसाच ठेवून शेजारी तारखेसह दुरुस्ती द्या. नोटिशीत फक्त करारातल्या कलमाचा उल्लेख असेल, तर ती वकिलाला दाखवा आणि कोणत्या देशाचा कायदा लागू होतो हे करारातून आधी शोधून ठेवा.