मेफूतली गोरिलाची पोरकी पिल्लं, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

कामासाठी कॅमेरूनला गेलो होतो, राजधानी याऊंदेत एक रविवार मोकळा मिळाला तो अख्खा मेफूला, म्हणजे पोरक्या माकड-वानरांच्या अभयारण्याला दिला. शहरापासून तास-सव्वा तास धरा, शेवटचा पट्टा कच्चा आणि माती आपल्या कोकणासारखी लालभडक, पाऊस झाला की चाकं रुततात, म्हणून उंच गाडी करा आणि जमलं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. परतीचं भाडंही आधीच ठरवून घ्या.

एप ॲक्शन आफ्रिका ही संस्था ते चालवते, १९९६ पासून अशी पोरकी पिल्लं सांभाळायचं काम करतेय. मांसासाठी शिकारी आईला मारतात, पिल्लाच्या अंगावर मांस ते किती, म्हणून ते जिवंत विकायला काढतात, आणि ती विक्री पकडली गेली तर पिल्लू इथे येतं. जंगलात गोरिलाचं पिल्लू तीन-चार वर्षं आईच्या दुधावर असतं, सुरुवातीला तर तिच्या अंगावरून खाली उतरतच नाही, त्यामुळे इथे नुसती बाटली तोंडात देऊन भागत नाही, रात्रंदिवस कुशीत घेणारं माणूस लागतं, नाहीतर पोट भरलेलं असूनही ते खंगत जातं. आम्ही लांबूनच बघितलं, एक काका जमिनीवर पाय पसरून बसलेले, एक पिल्लू मांडीवर झोपलेलं आणि दुसरं पाठीवर चढून केस ओढतंय, काका हूं नाही की चूं नाही. माझा घसा दाटून आला.

जरा मोठी झाली की इतर पोरक्या पिल्लांबरोबर त्यांचा कळप जमवतात आणि विजेच्या कुंपणातल्या जंगलात ठेवतात. सगळे विचारतात तसं मीही विचारलं, सोडून का देत नाही? तर शिकारी फिरतात त्या जंगलात, माणसाची भीती मोडलेलं जनावर सोडायचं कसं. शेजारच्या काँगो-ब्राझाव्हिलमध्ये लेसिओ-लुनाच्या राखीव जंगलात मात्र असे अनाथ गोरिला सोडलेत आणि तिथे त्यांना पिल्लंही झालीत, म्हणजे राखलेलं जंगल मिळालं तर जमतं.

सर्दी-खोकला असेल तर कृपा करून जाऊ नका, आपला साधा फ्लू त्यांचा जीव घेऊ शकतो. आमच्यातला एकजण शिंकत होता, तो हॉटेलवरच थांबला, त्याला खूप वाईट वाटलं पण तेच बरोबर होतं. पिल्लू हातात द्या असं तर मागूच नका.

पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्या, कार्ड भारतात परत येतानाही बघतात, नसेल तर क्वारंटाईन. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. फ्रेंचची चार वाक्यं पाठ करा आणि सीएफए फ्रँक, म्हणजे तिथलं चलन, रोख ठेवा.

आणि हो, आफ्रामोमम बघायला विसरू नका, आपल्या वेलदोड्याच्या कुळातलं झाड, गोरिलांचं आवडतं. आसपासच्या गावातल्या बायका जंगलातून ते तोडून आणतात आणि संस्था विकत घेते, जंगल राखण्यातून त्यांच्या घरात पैसा येतो. आम्ही निघालो तेव्हा हिरवे दांडे सोलून खाणाऱ्या एका चंदेरी पाठीच्या नराचा कडाकड आवाज कुंपणाबाहेरपर्यंत ऐकू येत होता.