तारा लागलेल्या ओळी

बाणेरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसरी कंपनी विकत घेणार होती. आम्हाला त्याची गिट रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास) तपासून एकच सांगायचं होतं: हा कोड लिहिणाऱ्यांपैकी कुणाला सोडून चालणार नाही? मुदत दोन दिवसांची. पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

आधी कॉपीच अर्धवट आली. गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवलं तर प्रत्येक हॅशच्या, म्हणजे कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) ओळखखुणेच्या, आधी ^ चिन्ह आणि सगळ्या ओळी एकाच्याच नावावर. म्हणजे 'डेप्थ 1' लावून घेतलेली कॉपी, मागचा इतिहास नाहीच. बिल्ड सर्व्हरवरचं (जिथे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनतं) फोल्डर उचलून दिलं की हे बरेचदा होतं, तिथे वेळ वाचवायला अनेकदा शेवटचा एकच कमिट ओढतात. 'फेच'ला 'अनशॅलो' लावलं की बाकीचा इतिहास येतो, पण त्यासाठी मूळ सर्व्हरचा ॲक्सेस लागतो. तो मिळवण्यात अर्धा दिवस गेला.

शॉर्टलॉगमध्ये (लेखकांनुसार कमिटची यादी) नावं 31, माणसं 14. एकाच माणसाचे ऑफिसचा मेल, घरचा मेल आणि लॅपटॉपवर कधीच न बदललेलं 'रूट' असे तीन अवतार. त्यावर उपाय म्हणजे मेलमॅप फाइल: खरं नाव, खरा मेल, पुढे जुना मेल. ती हातानंच भरावी लागते.

एवढं करून ब्लेमची बेरीज केली, तर जवळपास निम्मा कोड आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलाच्या नावावर. आमच्या मॅनेजरनं ते लगेच स्लाइडवर टाकलंसुद्धा. आकडा दिसला की स्लाइड होते, हा आमच्याकडचा जुना रोग. नमस्टॅट (कुठल्या फाइलमध्ये किती ओळी बदलल्या ते दाखवणारा पर्याय) लावून लॉग पाहिला तेव्हा उलगडलं: एकाच कमिटमध्ये सहाशेच्या वर फाइल्स, संदेश 'फॉरमॅटिंग'. पोरानं प्रेटियर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) चालवलं होतं, बस्स.

इथे ब्लेमच्या 'डब्ल्यू' पर्यायानं भागत नाही. तो ओळीतल्या मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करतो, पण प्रेटियर लांब ओळ तोडून चार करतं. त्यासाठी इग्नोर-रेव्ह्ज फाइल (वगळायच्या कमिटची यादी) लागते, गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून ही सोय आहे. कमिटचा पूर्ण 40 अक्षरी हॅश त्यात लिहायचा, मग ब्लेम तो कमिट ओलांडून मागे जातो. जिथे जाता येत नाही तिथे ओळीसमोर * (तारा) दाखवायचं सेटिंग आहे. ते मुद्दाम चालू करा, नाहीतर त्या ओळी गुपचूप फॉरमॅट करणाऱ्याच्याच खात्यात राहतात.

आता टीम लीड वर आला. पण त्याची सवय वेगळी: सगळ्यांच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) स्वतःच्या मशीनवर 'मर्ज स्क्वॉश'नं, म्हणजे सगळे कमिट एकात दाबून, घ्यायच्या आणि कमिट स्वतः करायचा. लेखक म्हणून नाव त्याचंच लागतं. ब्रँच नंतर काढून टाकलेल्या, त्यामुळे इथून मागे जायला वाट नाही. बिलिंगच्या फाइलमध्ये वरच्या कॉमेंटात जुन्या पद्धतीनं तारीख आणि आद्याक्षरं होती. ती त्या 14 जणांपैकी कुणाशीच जुळली नाहीत.

स्लाइड मागे घेतली. रिपोर्टमध्ये बिलिंगपुढे नाव लिहिलं नाही, फक्त तारा लागलेल्या 212 ओळी आहेत असं लिहिलं. खरेदीदाराचा फोन आला: "मग ठेवायचं कुणाला?" लीडचं नाव सांगितलं. तो कोड त्यानं लिहिला नसेल, पण मर्ज करताना वाचला असेल, असं मी धरून चाललो. गिटमध्ये त्याची नोंद कुठेच नाही.