दिवसाला दोन चुका माफ

व्हिडिओ गेममध्ये तत्त्वज्ञान असू शकते का, असा प्रश्न निघाला की गेमची बाजू घेणारे बहुधा एखाद्या पात्राच्या तोंडचे जड संवाद पुरावा म्हणून पुढे करतात. मला तो पुरावा लंगडा वाटतो, कारण संवाद नाटकातही असतात आणि तिथे ते सहसा अधिक चांगले लिहिलेले असतात. गेमने एखादा विचार मांडला असे म्हणायचे, तर तो खेळाच्या नियमांत असला पाहिजे आणि खेळणाऱ्याच्या हातून घडला पाहिजे. लुकस पोप याने जवळपास एकट्याने बनवलेल्या, २०१३ साली आलेल्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तो तसा घडतो, असे माझे मत आहे.

आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशात १९८२ साल चालू आहे आणि सरकारी सोडतीत नाव निघाल्यामुळे तुम्हाला सीमेवरच्या तपासणी नाक्यावर नोकरी लागली आहे. समोरच्याची कागदपत्रे घ्यायची, फोटो, तारखा आणि नावे ताडून पाहायची आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा, एवढेच काम. पगार माणशी मिळतो, त्यामुळे वेग महत्त्वाचा. संध्याकाळी त्याच पैशांत घरभाडे, अन्न आणि घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा. भागला नाही, तर बायको, मुलगा, सासू आणि काका यांच्यापैकी कोणीतरी आजारी पडते.

सुरुवातीच्याच दिवसांत एक गृहस्थ येतो. त्याची कागदपत्रे चोख असतात. जाताना तो एवढेच विनवतो की, मागून माझी बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते, तर तिच्याकडे प्रवेशपरवाना नाही, आणि परत गेले तर मला मारून टाकतील, असे ती सांगते. इथवरचे सगळे एखाद्या कथेतही आले असते. कथेत येणार नाही असा भाग म्हणजे दंडाचा नियम: दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, पैसे कापले जातात ते तिसऱ्या चुकीपासून. त्या बाईकडे पाहण्याआधी मी मनातल्या मनात, आज माझ्या किती ताकिदी शिल्लक आहेत, हे मोजले होते. दयेचा असा रोजचा कोटा ठरलेला असावा आणि तो आपण काटकसरीने, शक्यतो ‘लायक’ माणसावर खर्च करावा, हे मला कोणी शिकवले नव्हते. मोजक्या दिवसांच्या नोकरीत ते आपोआप अंगवळणी पडले होते. नाझी अधिकारी आइखमान याच्यावरच्या १९६१ च्या खटल्याच्या निमित्ताने विचारवंत हाना आरेंट यांनी दुष्टतेच्या सामान्यपणाविषयी, म्हणजे साधी माणसे विचार न करता नियम पाळत दुष्कृत्ये करतात याविषयी, जे लिहिले, ते मला पूर्वी दुसऱ्या कोणाचे तरी वर्णन वाटत असे.

याउलट २००७ चा ‘बायोशॉक’ पाहावा. स्वार्थाला सद्गुण मानणाऱ्या लेखिका आयन रँड यांच्या विचारांवर उभारलेले आणि त्याच विचारांनी बुडवलेले समुद्रतळाचे शहर दाखवणारा हा गेम तत्त्वज्ञानाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. त्यात लहान मुलींचा बळी घेतला, तर प्रत्येकीमागे १६० ॲडम (नव्या शक्ती विकत घेण्याचे गेममधले चलन) मिळते आणि त्यांना वाचवले, तर ८०. पण दर तीन मुली वाचवल्यावर २०० ॲडमची भेट मिळत असल्याने चांगुलपणा जवळजवळ फुकटात पडतो. स्वार्थाची चिकित्सा करू पाहणाऱ्या गेमने स्वार्थत्यागाची किंमतच काढून टाकावी, ही मला मोठी चूक वाटते. (आपल्याकडचा मोक्षपटही काहीसा असाच. साप दुर्गुणांचे, शिड्या सद्गुणांच्या, पण हातात फासे. कर्मसिद्धांत सांगणाऱ्या खेळात खेळणाऱ्याचे कर्म तेवढे नाही.)

नियमांखेरीज आणखी एक साधन गेमकडे आहे, ते म्हणजे दृष्टिकोन, अगदी शब्दशः. २०१५ च्या ‘सोमा’मध्ये नायकाच्या मनाची प्रत दुसऱ्या शरीरात घातली जाते, तेव्हा कॅमेरा नव्या शरीराबरोबर जातो आणि ‘मी’ तिकडे गेलो, असे आपण सहज धरून चालतो. शेवटी तीच क्रिया पुन्हा होते आणि या वेळी कॅमेरा जुन्या शरीरातच मागे राहतो. व्यक्तीची ओळख तिच्या मनाच्या प्रतीमध्ये टिकते का, हा तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांचा प्रश्न वाचताना मी तटस्थ होतो. इथे मात्र आपली फसवणूक झाल्याचा राग आला, आणि तो राग कोणावर काढायचा, हे कळेना.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दंड किती असावा, हे पोपने ठरवले. पुस्तकाच्या समासात ‘हे पटत नाही’ असे लिहिता येते, तसे नियमाशी भांडता येत नाही. हे खरे असले, तरी तत्त्वज्ञांचे विचारप्रयोगही हवे ते उत्तर निघेल असेच बेतलेले असतात, आणि गेममध्ये निदान वेगळे वागून पाहता येते. माझ्या धाकट्या भावाने तोच गेम एकही चूक न करता खेळला. मी त्या बाईला आत सोडले, हे ऐकल्यावर त्याने विचारले, “मग दंड किती बसला?”

काहीच बसला नव्हता. त्या दिवसातली ती माझी दुसरी चूक होती.