रुमालाखालचा आकडा

अठ्ठ्याहत्तर. हा आकडा एकदा मोठ्याने म्हणून बघा. ऐंशी कसं सुटसुटीत, पंचाहत्तर कसं ठणठणीत. अठ्ठ्याहत्तर म्हणताना जीभ अडखळते, आणि समोरचा माणूस ब्याण्णव सांगून बसलेला असेल तर घशापर्यंतही येत नाही.

घर कर्वेनगरचं. १९९१ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट सव्वासहाशे फूट. मालकांची अपेक्षा ९२ लाख. आमची उडी फार तर ८२ पर्यंत, कारण त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि एजंटचा एक टक्का असं सगळं शेपूट आहे. (घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का वाचतो. ही माहिती बायकोने मला आतापर्यंत तीनदा दिली आहे.) ८२ ला यायचं तर सुरुवात ७८ पासून करावी लागणार, एवढं साधं गणित.

पेरूवाल्याने ऐंशी सांगितले की मी बिनदिक्कत साठ म्हणतो. पण पेरूवाल्याच्या घरी मी कोकम सरबत प्यायलेलो नसतो. इथे काकूंनी दोनदा ग्लास भरला होता. आणि नंतर ते कॅलेंडर.

कालनिर्णय सहसा स्वयंपाकघरात असतं, दुधाचा हिशेब लिहायला. इथे ते आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, जरा खालीच टांगलेलं. मी मनात म्हटलं, सापडलं! मागे ओल असणार. म्हणजे दोन लाख तरी खाली. तेवढ्यात काकांनीच पुढे होऊन कॅलेंडर उचललं. मागे पोपडे सुटलेला, साधारण ताटाएवढा डाग. ‘पावसाळ्यात इथे ओल येते. घेणाऱ्याने बघून घ्यावं,’ म्हणाले आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. माझ्या हातातलं एकुलतं एक हत्यार त्यांनी असं स्वतःच पुसूनबिसून माझ्या हाती दिलं. आता ते चालवायचं कसं?

तसं फार खाली जायची सोयही नाही. मुद्रांक शुल्क आपण ठरवलेली किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव, यांत जो जास्त असेल त्यावर लागतं. रेकनरचा भाव आपल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर मधला फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर. घासाघीस कुठवर करावी याची पायरी सरकारने आखून ठेवली आहे, हे मला तरी बरं वाटलं. ७८ त्या पायरीच्या पुष्कळ वर होतं. म्हणजे कायद्याची हरकत नव्हती, माझीच होती.

आजोबा सांगोल्याच्या गुरांच्या बाजारात जायचे. तिथे खोंडाचा भाव तोंडाने होत नसे. दलाल रुमाल टाकायचा आणि त्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची. इतकी बोटं म्हणजे इतकं, नकार म्हणजे हात झटकणं. भोवतीच्या माणसांना काही कळू नये म्हणून ही रीत, असं सगळे सांगतात. मला वाटतं, त्यात आणखी एक सोय असावी. कमी आकडा ऐकू आला की लागतो. बोटांनी दाबला तर तेवढा लागत नाही, आणि सौदा फिसकटला तरी दोघे पुन्हा एकाच टपरीवर चहा पिऊ शकतात.

आमचा रुमाल म्हणजे एजंट. ‘साहेब, तुम्ही फक्त आकडा सांगा, वाईट मी होतो,’ तो म्हणाला. तेव्हा मला कळलं की त्याचा एक टक्का घर दाखवण्याचा नाहीच, घर तर वॉचमनही दाखवतो. तो टक्का निबरपणाचा. मी त्याला ७८ व्हॉट्सॲपवर पाठवले, म्हणजे म्हणावंही लागलं नाही. त्याने अंगठा टाकला.

दोन दिवस काहीच नाही. बायको म्हणाली, ‘रागावले असतील.’ मी म्हटलं, ‘व्यवहार आहे.’ पण त्या दोन दिवसांत मी कर्वेनगरच्या त्या रस्त्याने जायचं टाळलं, पेट्रोल जास्त जाळून.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. एजंटचा नव्हे, खुद्द काकांचा.

‘तुमचा आकडा कळला. त्यात आमच्या भिंतीचे किती धरलेत?’

माझ्याकडे ना रुमाल, ना एजंट. ‘दोन लाख,’ म्हणालो.

‘दोन?’ पलीकडे जरा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. ‘मला वॉटरप्रूफिंगवाल्याने पंचाहत्तर हजारांचा अंदाज दिलाय. लेखी आहे. संध्याकाळी या, दाखवतो. आणि त्या एजंटला नका आणू, हिला सरबत उगाच एक ग्लास जास्त करावं लागतं.’