भार गेला, आग तशीच राहिली

कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात, म्हणजे उसाच्या चोथ्यावर वाफ आणि वीज दोन्ही तयार करणाऱ्या विभागात, मी शिफ्ट इंजिनिअर होतो. गाळप हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि नोव्हेंबरमधील त्या संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळत होता. आमचे टर्बाइन १९ मेगावॅट देत होते. त्यांपैकी ६ मेगावॅट कारखान्यालाच लागत आणि उरलेले १३ ग्रिडला जात. सव्वासातच्या सुमारास वीज कडाडली, बाहेरच्या वाहिनीत बिघाड झाला आणि निर्यातीचा ब्रेकर उघडला.

दोन-तृतीयांश भार अचानक उतरल्याने टर्बाइनचा वेग वाढला, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ५२ च्या पुढे गेली आणि टर्बाइनचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरने वाफ आवळून ती पुन्हा जागेवर आणली. आम्ही खुर्चीतून उठेपर्यंत हे होऊनही गेले होते. खरी काळजी बॉयलरची होती. राधानगरीसारख्या जलविद्युत केंद्रात भार गेला की पाण्याचे दार मिटता येते. बॉयलरच्या शेगडीवर पडलेला बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, मात्र जळणारच, हे गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणाऱ्यालाही ठाऊक असते.

बॉयलरमधला दर चौरस सेंटिमीटरला ८७ किलोंचा दाब चढू लागला. बगॅसचे फीडर आणि पंख्यांची हवा कमी करायला मी सांगितले. रस उकळण्यासाठी टर्बाइनमधून जाणारी वाफ घटली होती, म्हणून ती दाब उतरवून थेट बॉयलरमधून द्यायला सुरुवात केली. तरीही सुपरहीटरचा, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा, सेफ्टी व्हॉल्व्ह उडालाच. तो ड्रमवरील, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीवरील, व्हॉल्व्हच्या आधी उडेल अशा बेताने लावलेला असतो, कारण सुटणारी वाफ सुपरहीटरच्या नळ्यांतून वाहत राहिली तरच त्या नळ्या तापून निकामी होत नाहीत. त्या आवाजात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येईना.

तेवढ्यात ड्रममधील पाण्याची पातळी झपाट्याने वर गेली आणि माझा हात पाणी कमी करण्यासाठी पुढे झाला. आमचे जुने बॉयलर अटेंडंट, ज्यांना सगळेच मामा म्हणत, माझ्या कानाशी येऊन ओरडले, "सायेब, पाणी तोडू नगासा, ही नुसती सूज हाय!" व्हॉल्व्ह उडून दाब एकदम उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे वाढतात आणि पातळी फुगलेली दिसते. मिनिटभरात ती नेहमीच्या खुणेच्याही खाली आली. मी त्यांचे ऐकले नसते, तर ड्रम रिकामा होण्याच्या बेतात आला असता.

गव्हाणीत ऊस पडतच राहिला. साडेदहाला वाहिनी सुरू झाल्याचा निरोप आला; व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जुळवून, ग्रिडशी मेळ दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश बारावर येताच मी ब्रेकर जोडला. मामांनी त्यानंतरच पाण्याच्या काचेवरची नजर काढली.