केबल, घाटे आणि भंगारवाला

मी परिविक्षा अधिकारी. अठराच्या आतलं पोर गुन्ह्यात सापडलं की त्याच्या घरी जायचं, माणसांशी बोलायचं आणि बाल न्याय मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे माझं काम. हे गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे.

सोळा वर्षांच्या पोराने विहिरीवरच्या मोटारपंपाची केबल कापली, नाल्यात जाळली आणि प्लास्टिक गळाल्यावर उरलेलं तांबं भंगारवाल्याला किलोवर विकलं. मी गेले तेव्हा आई कापूस वेचून नुकतीच परतली होती. नववीनंतर शाळा का सोडली, हे पोराला विचारत होते, तेवढ्यात ती केबल ज्यांची, ते शेतकरी एकटेच ओट्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, पोट्ट्याले शिकवा, मी नाई म्हनत नाई. पन माह्या हरभऱ्याचं काय? घाटे भराच्या वक्ती ओलीत तुटलं."

पोरगा पुटपुटला, "मले वाटलं केबल लाइनवाल्याईची हाय."

"लाइनवाल्याईची? दुकानातून उधार आनली मी! अजून पैसे देनं हाय." आणि त्यांनी पोराला थेट वावरात नेलं. मी आणि त्याची आई मागोमाग. हरभऱ्याच्या झाडाचा एक घाटा, म्हणजे शेंग, तोडून त्यांनी पोराच्या हातात ठेवला. "फोड." आत दाणा नव्हताच. दुसरा, तिसरा... पोरगा फोडत राहिला. काही घाट्यांत तांदळाएवढा सुकलेला दाणा निघाला. शेतकरी एकदाही ओरडले नाहीत. आमच्या समुपदेशनाच्या बैठकीत असं काही घडताना मी पाहिलेलं नाही.

कलम १८ मध्ये समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेख आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, असे पर्याय आहेत. पोर सुधारावं हा हेतू मला मनापासून पटतो. दंड मात्र आईबापाकडूनही घेता येतो, म्हणजे इथे चोरी पोराची आणि दंड वेचणीच्या मजुरीतून. केबलचे पैसेही आई "हप्त्यानं देतो" म्हणाली, तेव्हा शेतकऱ्यांनीच मान हलवली. "तुह्या मजुरीचे पैसे नाई पायजे मले."

अहवालात मी समुपदेशन, देखरेख आणि १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसवणं सुचवलं. दाखला काढायला पोराबरोबर शाळेत जायचं शेतकऱ्यांनी स्वतःहून कबूल केलं, ते का, हे मी विचारलं नाही.

राहिला भंगारवाला. गावातल्या पोरांकडून रात्री जळकं तांबं घेणाऱ्याला ते कुठून येतं हे ठाऊक नसतं, यावर माझा विश्वास नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याचं नाव पोराने सांगितलं, मी ठाणेदारांना लेखी कळवलं. पोराला शिकवा म्हणणारी मी त्या माणसाच्या बाबतीत शिक्षेच्याच बाजूची आहे, आणि केबलचे पैसेही त्याच्याकडूनच निघावेत, असं शेतकऱ्यांसारखं मलाही वाटतं.