तुम्ही विचारलंत म्हणून: हेडफोन मागचे घ्यायचे की नवे?

नवं मॉडेल आलं रे आलं की मला मेसेज सुरू होतात, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचेत, मागचं मॉडेल आता स्वस्त मिळतंय, ते घेऊ की थोडे जास्त घालून नवं घेऊ? माझं उत्तर बहुतेक वेळा मागचं घ्या हेच असतं, पण सीलबंद घ्या, वापरलेलं नको, आणि मागचं म्हणजे नेमकं कुठलं ते नीट बघा, कारण नवी पिढी सगळ्याच बाबतीत पुढे गेलेली असते असं अजिबात नाही.

सोनीचंच बघा ना. डब्ल्यूएच-१००० या त्यांच्या हेडफोनच्या मालिकेतला एक्सएम३ आला २०१८ मध्ये, एक्सएम४ २०२० मध्ये, एक्सएम५ २०२२ आणि एक्सएम६ २०२५ मध्ये. तीनवरून चारवर जाताना सगळ्यात कामाची गोष्ट मिळाली ती मल्टिपॉइंट, म्हणजे हेडफोन लॅपटॉप आणि फोन दोघांना एकाच वेळी जोडलेला राहतो, लॅपटॉपवर काही ऐकताना फोन वाजला तर सरळ उचलायचा, ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन खटपट नाही. दिवसभर दोन्ही वापरणाऱ्याला एकदा ही सवय लागली की सुटत नाही, त्यामुळे एक्सएम३ कितीही स्वस्त मिळू दे, मी नकोच म्हणते. पाचमध्ये माइक वाढले, बाहेरचा आवाज अजून दबला, पण घडी गेली! कप नुसते सपाट फिरतात, आत दुमडत नाहीत. सहामध्ये घडी परत आणली आणि माइक १२ केले. बॅटरी मात्र चारही पिढ्यांना नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३० तासच सांगितलेली आहे. म्हणून रोज बॅगेत टाकून न्यायचे असतील तर पाचपेक्षा मी चार सुचवते. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्स हेडफोनचं तर २०२४ मध्ये चार्जिंगचं पोर्ट लायटनिंगचं यूएसबी-सी झालं, रंग बदलले, आतली चिप २०२० चीच.

आता खरा मुद्दा, तुम्हाला कशापासून शांतता हवीये? माइक बाहेरचा आवाज पकडतो, चिप त्याच्या बरोबर उलटी लाट बनवते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. हे खालच्या आवाजाला मस्त जमतं, कारण १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. १००० हर्ट्झला तीच लाट ३४ सेंटिमीटरची होते, आणि त्याच्या वर गेलं की जराशी चूकसुद्धा महागात पडते. म्हणजे विमानाची घरघर, एसी, पंखा, हे जुना चांगला हेडफोनही छान दाबतो आणि नव्यात त्यासाठी फार फरक कळत नाही. शेजारच्या टेबलावरची बडबड हा मधला पट्टा, नव्या पिढ्यांनी जी सुधारणा केलीये ती मुख्यतः इथे. तेव्हा ऑफिसातल्या बोलण्याने डोकं उठत असेल तर नव्यावर खर्च करा, तो वाया जाणार नाही.

त्याहून तीक्ष्ण आवाज, भांडं पडलं, बाळ किंचाळलं, ते अडवायचं काम चिपपेक्षा कुशनचं. चष्मा असेल तर हे घरीच करून बघा, नॉइज कॅन्सलिंग चालू करून पंख्याजवळ बसा आणि चष्म्याची काडी जिथून आत जाते तिथे कप बोटाने हलकेच दाबा. घरघर एकदम गायब झाली तर फट तिथेच आहे, मग पातळ काडीचा चष्मा जे करेल ते नवं मॉडेल करणार नाही. जुन्या हेडफोनच्या कुशनचे काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागले असतील तर तिथूनही आवाज आत येतोच.

बॅटरीबद्दल सगळे चार्जिंग सायकल, म्हणजे पूर्ण चार्जचे फेरे, मोजतात, पण ३० तासांचा हेडफोन रोज तीन तास वापरला तर दहा दिवसांत एक सायकल होते, वर्षाला छत्तीसेक. सायकलने तो लवकर मरत नाही, वयाने आणि उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिल्याने मरतो. म्हणून वापरलेला घेऊ नका म्हणते, तो कसा ठेवला होता ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. सीलबंद खोक्यावरही बनल्याची तारीख असेल तर वाचा.

एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त दर्जाचा आवाज पाठवायची सोनीची पद्धत, वगैरेंचं एका वाक्यात, आयफोन असेल तर विसरून जा, तो एलडॅक पाठवतच नाही.

आणि मीटिंगमध्ये माइक चालू केला की गाण्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो ना, तो हेडफोन जुना म्हणून नाही. नेहमीचं ब्लूटूथ माइक चालू झाला की कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा पडतो, नव्यातही हेच होतं, एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत, हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे असेल तरच सुटका. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा, लगेच फरक पडतो, एक पैसाही लागत नाही.

ज्यांच्याकडे एक्सएम४ आधीच आहे आणि जे सहा घेऊ का विचारतायत, त्यांनी आधी नवे कुशन बसवा आणि आठवडाभर वापरा. तरीही शेजारचं बोलणं कानात येत असेल तर बिनधास्त सहा घ्या.